एमए सायकॉलॉजी झालं म्हणून दवाखाना टाकता येत नाही

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, लेकराचं एमबीबीएसचं काही जमंना. सायकॉलॉजी घेतलं तर डॉक्टरसारखंच असतंय की?"

नसतंय हो. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग एमडी. आपलं लेकरू बीए, एमए करून त्या खुर्चीत बसू शकत नाही. राहिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यासाठी एमएनंतर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचं पुढचं शिक्षण लागतं आणि मग तिथे नोंदणी. आजवर तो रस्ता मुख्यतः दोन वर्षांच्या एमफिलचा होता. जागा मोजक्या, त्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत. आता नव्या शैक्षणिक धोरणात एमफिलच बंद होतंय, म्हणून सगळी रचना बदलतेय. तेव्हा कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका, त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एमएच्या गुणपत्रिकेवर 'क्लिनिकल' हा शब्द छापून आला म्हणून नोंदणी मिळत नाही. हे कुणी सांगत नाही, प्रवेश घेताना तर नाहीच नाही.

माझा खरा राग मात्र एमए जसं शिकवलं जातं त्यावर आहे. कॉलेजांची नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही. शाईच्या डागांच्या रोर्शाक चाचणीची दहा कार्डं कपाटात कुलूपबंद. रेव्हनची बुद्धिमत्ता चाचणी होते ती रूममेटवर, आणि प्रात्यक्षिकाची वही मागच्या बॅचची उतरवलेली. चार सत्रं संपतात, पोरगी सत्तर टक्क्यांनी पास होते आणि समोर बसलेला माणूस रडायला लागला तर काय करायचं हे तिला माहीत नसतं. जिल्हा रुग्णालय कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर असताना दोन वर्षांत एकदाही तिथल्या मानसोपचार ओपीडीत बसवलं नाही, याला शिक्षण म्हणायचं का?

नोकऱ्या नाहीत असं नाही. प्राध्यापकीसाठी नेट-सेट ही पात्रता परीक्षा. ती झाली तरी बहुतेकांच्या नशिबी तासिका तत्त्व, म्हणजे तासागणिक मानधन, त्यावर जास्त बोलत नाही. सरकारी दवाखान्यांत एचआयव्ही तपासणी केंद्रांवर समुपदेशक असतात, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. काम चांगलं, पण बऱ्याच जागा कंत्राटी, आणि दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक.

आता शाळा-क्लासेसचं बघा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. या निकालात कोचिंग क्लासही येतात. लातूरच्या ट्यूशन एरियात एकेका बॅचमध्ये किती पोरं कोंबलेली असतात ते मी सांगायला नको. हा आदेश खरोखर पाळला तर आपल्या पोरापोरींना नोकरीसाठी पुण्याला जावं लागणार नाही. पाळला जातोय का, हे पालकांनी फी भरताना विचारावं. फिजिक्सला कोण सर आहेत हे विचारता ना? तसंच.

आणि गरज केवढी आहे! राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, मराठवाड्यातल्या आपल्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. इथला शेतकरी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. झोप लागंना, छातीत धडधडतंय, अन्न गोड लागंना, असं म्हणत तो आधी मेडिकलवाल्याकडे जातो, मग देवऋष्याकडे, आणि कर्ज, बोअर, पोरीचं लग्न हे विषय निघायला तासभर जातो. एवढा वेळ गप्प बसून ऐकणारं माणूस इथल्याच मातीतलं लागतं. भूम-परंड्याच्या पोरीला ते आधीपासून येतं. तिला हवा असतो चाचण्यांचा सराव, कुणाला कधी तज्ज्ञाकडे पाठवायचं याचं भान आणि चुका दाखवणारा अनुभवी माणूस.

म्हणून सायकॉलॉजी घ्याच म्हणते मी. फक्त प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, मागच्या बॅचनं कुठे आणि किती दिवस प्रत्यक्ष काम केलं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

फी, हॉस्टेल, सीईटीबद्दल इनबॉक्समध्ये खुशाल विचारा. 'घरबसल्या सहा महिन्यांत समुपदेशक बना' असल्या जाहिरातींच्या लिंक मात्र मला पाठवू नका.