पेंढ्याच्या भिंती जळतात, कुजतात, कोसळतात? कोल्हापूरपुरतं तपासून पाहू

गेल्या काही महिन्यांत आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भाताच्या पेंढ्याचे, म्हणजे आपल्या पिंजाराचे दाबून बांधलेले गठ्ठे रचून उभारलेल्या भिंतीचा फोटो आणि खाली ठणकावून लिहिलेलं: असलं घर बांधू नका. एक ठिणगी पडली की राख. कोल्हापूरच्या एका पावसात भिंत कुजणार. उंदीर आणि वाळवी उरलंसुरलं खाणार. भूकंपाचा धक्का बसला की घर आडवं. आणि वर जनावरांच्या तोंडची वैरण भिंतीत गाडल्याचं पाप.

घर बांधण्याच्या कामात मी रोज असतो. हा मेसेज वाचून या भिंतींचा विचार सोडून दिलेली माणसं भेटतात, म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजमधल्या एका भीतीत तथ्य आहे, पण ती नेमकी चुकीच्या पद्धतीने मांडलीय. बाकीच्या भीती सुट्या पेंढ्याच्या आहेत, भिंतीच्या नाहीत.

आगीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिलाच घाबरतात. व्हळीला, म्हणजे रचून ठेवलेल्या वैरणीच्या गंजीला आग लागली की काय होतं हे गावात प्रत्येकाने पाहिलंय, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण व्हळी जळते ती पेंढा सुटा असतो आणि काडीकाडीतून हवा खेळते म्हणून. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणाऱ्या माणसाला विचारा. वाळलेली चिपाडंसुद्धा तो थोडी थोडी, मोकळी करून टाकतो. एकदम कोंबली तर जाळ बसतो आणि नुसता धूर निघतो. भिंतीतल्या गठ्ठ्याचंही तसंच. घनमीटरला शंभर किलोच्या वर दाबलेला पेंढा, दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच गिलावा. आगीला आत हवाच मिळत नाही. वरचा थर काळा पडतो आणि तोच कोळसा आतल्या पेंढ्याला आड येतो. २००६ साली अमेरिकेत अशा भिंतींची प्रमाणित अग्निचाचणी झाली. भट्टीचं तापमान तासाभरात ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि नंतर भिंतीवर जोरदार पाण्याचा फवाराही मारतात. मातीच्या गिलाव्याची भिंत एक तासाच्या चाचणीत टिकली, चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तासांच्या. २०१५ सालच्या अमेरिकन निवासी बांधकाम संहितेत पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या बांधकामासाठी स्वतंत्र परिशिष्ट आलं.

खरा धोका असतो तो गिलावा होईपर्यंत. साइटवर पायाखाली गुडघाभर सुटा पेंढा आणि वर फॅब्रिकेटर छपराच्या लोखंडी कैच्यांना वेल्डिंग मारतोय, हे चित्र मला अजिबात चालत नाही. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग सगळं गठ्ठे साइटवर यायच्या आधी संपलं पाहिजे. रोज संध्याकाळी सुटा पेंढा झाडून काढायचा, पाण्याचा पाइप हाताशी ठेवायचा, बिडी-सिगारेट कुंपणाबाहेर. आणि वायर उघडी भिंतीत सोडायची नाही, पाइपातूनच न्यायची.

आता पाऊस. इथे मेसेज लिहिणाऱ्याला अर्धवट का होईना, खरी गोष्ट सापडलीय. पेंढ्याचा शत्रू पाणी आहे.

पण पाणी दोन प्रकारचं, आणि दोन्हींची गल्लत होते. एक हवेतला दमटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत पेंढा थोडी ओल धरतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. पेंढ्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ओल राहिली तर बुरशीला वाव मिळत नाही. दुसरं म्हणजे थेट पाणी: झड, पागोळ्यांचे शिंतोडे, खिडकीच्या उंबऱ्यातून झिरपणारं, जोत्यातून वर चढणारं, गळक्या नळाचं. भिंत कुजवतं ते हे. आणि ते अडवायची विद्या परदेशातून आणावी लागत नाही, पन्हाळा-भुदरगडच्या जुन्या मातीच्या घरांत ती उभी आहे. काळ्या दगडाचं दोन-अडीच फुटी जोतं, भिंतीपासून चांगली तीन-चार फूट बाहेर आलेली वळचण, पश्चिमेला पडवी, आणि ती नसेल तर पावसाळ्याआधी त्या बाजूला उसाच्या पाल्याचा आडोसा. माती ज्या पाण्याने ढासळते त्याच पाण्याने पेंढा कुजतो. त्यामुळे मातीच्या भिंतीला जे लागतं तेच पेंढ्याच्या भिंतीला लागतं. वरून सपाट स्लॅब आणि भिंतीबाहेर जेमतेम वीतभर छज्जा असं आजचं फॅशनचं घर पेंढ्यात बांधलं, तर मेसेज खरा ठरेल.

सगळ्यात मोठी चूक होते ती गिलाव्यात. आपले गवंडी सवयीने म्हणतात, ‘पाऊस हाय, सिमेंटच मारू, वर वॉटरप्रूफ केमिकल टाकू.’ हौसेने मारलेला तो कडक थर भिंतीला घातक ठरतो. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतातच. त्यातून पाणी आत जातं, पण भिंतीला श्वास नसल्याने बाहेर येत नाही. आतून भिंत महिनोन्महिने ओली राहते आणि बाहेरून दिसते ठणठणीत. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओल घेतो तशी सोडतोही. म्हणून आतून माती, बाहेरून चुना, वरून दर दोन-तीन वर्षांनी चुन्याचा हात. ऑइलपेंट नाही, प्लास्टिकचा रंग नाही. पहिला हात पातळ काल्याचा, म्हणजे पाणी घालून सैल केलेल्या गिलाव्याचा, हाताने दाबून काड्यांच्या टोकांत शिरवायचा. तो नुसता थापीने फेकला तर मागे पोकळी राहते, आणि अशा पोकळीत ओलही साठते आणि उंदरालाही जागा मिळते.

गठ्ठा घेतानाही हात घालून बघावं लागतं. दोरीखाली दोन बोटं सहज शिरली, तर तो ढिला आहे. मधोमध हात खुपसल्यावर कोमट लागला किंवा आंबूस वास आला, तर तो परत पाठवायचा, मग ट्रॅक्टरवाला कितीही चिडला तरी. लांब सळईचं ओलमापक यंत्र मिळतं, ते आणलं तर वादच उरत नाही.

वेळही आपल्या हंगामात नीट बसते. भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मळणीनंतर कोरडा पेंढा हाती. तोवर खांब, तुळया आणि छप्पर तयार ठेवायचं, भिंती त्याच्या सावलीत रचायच्या. जानेवारी ते मार्च गिलावे. एप्रिल-मेमधला वळीव बदाबदा कोसळतो तेव्हा भिंत झाकलेली असली पाहिजे.

‘पावसाच्या मुलखात हे टिकतच नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलमध्ये १९३८ साली बांधलेला पेंढ्याच्या गठ्ठ्यांचा बंगला आजही उभा आहे, त्याचं संग्रहालय झालंय. तिथे वर्षाला साधारण १,३५० मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरापेक्षा जास्त. फ्रान्समधल्या माँतार्जी गावातलं १९२० सालचं घर शंभरी ओलांडून गेलंय. अर्थात हंट्सव्हिलचा पाऊस वर्षभर विखुरलेला आणि आपला चार महिन्यांत एकवटलेला, हा फरक मी झाकत नाही. म्हणूनच जिल्हा सरसकट एक धरता येत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला ५००-६०० मिलिमीटर, तर गगनबावड्यात ५,००० च्या पुढे. गगनबावड्यात कोणी पेंढ्याची भिंत मागितली तर मी नाही म्हणेन. तिथे आठवडेच्या आठवडे धुकं आणि झड, भिंतीला सुकायला सवडच मिळत नाही. तिथला कारवीचा कुड पातळ असतो, खराब झाला की बदलता येतो. तोच तिथे शहाणपणाचा.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. पेंढ्याची भिंत दोन दिवस पुरात उभी राहिली की ती पाडायचीच, वाळवून वापरता येत नाही. चिखली-आंबेवाडी असो की नृसिंहवाडी-कुरुंदवाड, पूररेषेच्या आत ही भिंत नको. शिरोळ तालुक्यात पाऊस कमी म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये, पाणी वरून नाही तर नदीतून येतं.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. उंदीर येतो दाण्यासाठी आणि बिळाच्या जागेसाठी. नीट झोडलेल्या पेंढ्यात दाणा नाही, दाबलेल्या गठ्ठ्यात जागा नाही, वर दीड इंच गिलावा. तळाच्या ओळीला बारीक जाळी ठोकली की विषय मिटला. वाळवी मात्र हलक्यात घेऊ नका. ती जमिनीतून येते, म्हणून उंच दगडी जोतं, त्यावर सलग काँक्रीटचा पट्टा, पायात वाळवीरोधक फवारणी, आणि जोत्याला लागून माती, लाकडं, कुंड्या रचायच्या नाहीत. जोतं उघडं दिसत असलं की वाळवीची मातीची नळी वेळेत नजरेस पडते.

भूकंपाचा आरोप तर पूर्ण उलटा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर कोसळून. भूकंपात वजन मारतं. हिशोब करा: दीड फूट जाड, दहा फूट उंच दगडी भिंतीचा एक फूट लांबीचा तुकडा जवळपास एक टन भरतो. तेवढीच पेंढ्याची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट पावणेदोनशे किलोच्या आसपास. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात अशी घरं बांधली गेली. त्या पद्धतीचं पूर्ण आकाराचं छोटं घर २००९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात कंपनमंचावर जोरात हलवून पाहिलं. भेगा गेल्या, घर पडलं नाही. तिथे गठ्ठे साच्यात घालून जॅकने दाबून हाताने बनवले होते. आजरा-भुदरगडच्या ज्या वाड्या-वस्त्यांवर चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर पोचत नाही, तिथे ही युक्ती कामाची.

राहिली वैरण. हा आरोप मला सगळ्यात मनापासूनचा वाटतो, कारण दुधावर संसार चालणारा हा जिल्हा आहे. सातशे चौरस फुटांच्या घराच्या बाहेरच्या भिंतींना, दारं-खिडक्या वजा करून, तीन फुटी दोन-सव्वादोनशे गठ्ठे लागतात. वजन साडेतीन टनांच्या आसपास. म्हैस दिवसाला पाच किलो सुकी वैरण खाते असं धरलं, तर दोन म्हशींची वर्षाची वैरण. घरासाठी हे एकदाच. तरीही ज्या वर्षी पाऊस ओढ देतो आणि वैरणीचे भाव चढतात, त्या वर्षी पेंढा भिंतीत घालू नये, वर्षभर थांबावं. उसाचं पाचट वापरा असा सल्ला काहीजण देतात. फडात पेटवून दिलेलं पाचट पाहून मलाही हळहळ वाटते. पण वर सांगितलेल्या चाचण्या पाचटाच्या नाहीत. घराच्या भिंतीत घालण्याआधी त्याची गोठ्याची किंवा शेतातल्या खोलीची एखादी भिंत करून दोन पावसाळे बघावेत.

उलट बाजूनेही एक मेसेज फिरतो, ‘निम्म्या खर्चात घर’ म्हणून. तोही खरा नाही. पाया, छप्पर, दारं-खिडक्या, फरशी, प्लंबिंग, वायरिंग हा खर्च तसाच राहतो. वाचतं ते विटांचं, आणि त्यातलं बरंच गिलाव्याच्या मजुरीत जातं. मिळतं ते वेगळं: तितक्याच जाडीच्या विटेच्या भिंतीपेक्षा कितीतरी कमी उष्णता आत येते, रस्त्याचा आवाज दबतो, आणि दीड फुटी भिंतीत खिडकीत बसायला ऐसपैस कट्टा मिळतो. तेही वर उघडा स्लॅब नसेल तरच, कारण बैठ्या घरात एप्रिलचं ऊन बहुतेक डोक्यावरूनच येतं. मंगलोरी कौलं आणि खाली लाकडी तक्तपोशी असेल, तर भिंतीवर केलेल्या कष्टांचं चीज होतं.

परवान्याच्या आणि कर्जाच्या दृष्टीने सोपा मार्ग म्हणजे भार काँक्रीटच्या किंवा लोखंडी खांबांवर ठेवायचा आणि पेंढा नुसता भिंतीत भरायचा. मग इंजिनिअरचं गणित नेहमीचंच राहतं. बँकेचा मूल्यांकन करणारा मात्र भिंत बघून बिचकू शकतो. त्याच्याशी बोलणं पाया खोदण्याआधी करा आणि बँकेचा होकार लेखी घ्या.