‘आधी छापलंय, म्हणजे पेटंट गेलं’ हे अर्धंच खरं आहे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांमध्ये, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्यांमध्ये, सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पेटंटमधल्या मिश्रधातूचे घटक कुठल्याही पुस्तकात आधी छापून आले असतील तर ते पेटंट आपोआप रद्द. बिनधास्त ओता.’ या भरवशावर कुणी ऑर्डर घेऊ नये, म्हणून लिहितोय.

‘घटक छापले की झालं.’ नाही. लोखंड, कार्बन, सिलिकॉन, मॅग्नेशियम ही नावं कुठेही सापडतील. पेटंटमधला दावा, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय तो भाग, असतो टक्क्यांवर. एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड, ओतणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के उरलं तर ग्राफाइटच्या गोळ्या होतात. फार कमी पडलं की ग्राफाइटचे पापुद्रे राहतात आणि गिऱ्हाइकाकडून कास्टिंग परत येतं. जुन्या पुस्तकात ‘मॅग्नेशियम २ टक्क्यांपर्यंत’ असं मोघम लिहिलेलं असलं, म्हणून हा अरुंद पट्टाही त्यात सांगितला होता असं होत नाही. अशा पट्ट्यात अनपेक्षित गुण मिळत असेल तर दावा टिकू शकतो.

पण मेसेजमधला खरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९८५ साली टायटॅनियम मेटल्स कंपनीच्या अर्जावर निकाल लागला. दावा होता निकेल ०.६ ते ०.९ टक्के, मॉलिब्डेनम ०.२ ते ०.४ टक्के, लोखंड फार तर ०.२ टक्के, बाकी टायटॅनियम. १९७० च्या एका रशियन लेखातल्या आलेखावर एक ठिपका होता: निकेल ०.७५, मॉलिब्डेनम ०.२५. पेटंटला शोध नवा लागतो, आणि तेवढ्या एका ठिपक्यानं त्या पट्ट्याची नवीनता गेली! हा धातू गरम खाऱ्या पाण्यात गंजायला दाद देत नाही, हे अर्जदारांनी शोधलं होतं आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. तरी कोर्टानं धातू जुनाच ठरवला. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(डी) सुद्धा माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा गुण सापडला, याला शोध मानत नाही.

‘आम्ही वीस वर्षं हेच ओततोय.’ असेलही. पण दाखवणार काय? वापर उघड हवा आणि पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या, आधीचा हवा. गिऱ्हाइकाला दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, त्याच हीट नंबरचं (भट्टीतल्या त्याच घाण्याचं) बिल, हे एकमेकांशी जुळलं तर बोलता येतं. मेल्टरच्या आठवणीवर केस उभी राहत नाही. म्हणून हीटबुकं, म्हणजे घाण्यांच्या नोंदवह्या, रद्दीत घालू नका.

‘आपोआप रद्द’ हा शब्द सर्वांत घातक. कुणी आव्हान देऊन ते सिद्ध करेपर्यंत पेटंट चालूच असतं. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतो. मिळाल्यावर, ते प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत, हितसंबंध असलेल्यालाच हरकत घेता येते. ते वर्ष उलटलं की हायकोर्टात जावं लागतं.