केळीच्या टॉफीवरच्या दोन-स्टार अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

टॉफीच्या नावाखाली मऊ, तपकिरी वड्या दिल्या, केळ्याचा एक तुकडा दिसत नाही, कागदाला चिकटतात, यापेक्षा आवळा कँडी बरी, असं तुम्ही लिहिलंय. कँडी आणि टॉफीची रीतच निराळी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कँडीत फळाची फोड शाबूत राहते. आवळा वाफवून पाकळ्या सुट्या करायच्या आणि पाकात मुरवायच्या. पाक आधी ५० ब्रिक्सच्या (म्हणजे १०० ग्रॅम पाकात साधारण ५० ग्रॅम साखर) आसपास, मग रोज थोडा घट्ट करत ७० पर्यंत न्यायचा. एकदम घट्ट पाकात टाकलं तर साखर आत शिरण्याआधीच फोडीतलं पाणी निघून जातं आणि फोड सुरकुतते. शेवटी निथळून वाळवायचं. पिकलं केळं यात टिकत नाही, त्याचा लगदा होतो. टुटीफ्रुटीलासुद्धा कच्चीच पपई लागते.

टॉफीत आधीच गर करतात. आमचं प्रमाण १ किलो गराला ६०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १०० ग्रॅम दूध पावडर, ८० ग्रॅम लोणी, २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. दूध पावडर थोड्या पाण्यात कालवून शेवटी घालायची, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर सतत घोटायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर, ८२ आलं, किंवा गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट गोळी वळली, की उतरवायचं. तूप लावलेल्या ताटात १ सेंटिमीटर जाड थापून, गार झाल्यावर वड्या पाडायच्या. तुकडा दिसला तर घोटणं कमी पडलं समजावं. बाजारातल्या कडक टॉफीची साखर १४५-१५० अंशांपर्यंत नेतात. एवढा गर घालून तसं केलं तर तळाला करपतो. म्हणून ही मऊच असते.

रंग शिळेपणाचा नाही. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी होणारच. उलट पांढरीशुभ्र केळी-टॉफी कुठे मिळाली तर त्यात गर किती आहे, हे जरूर विचारा.

चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा दमट हवा. पाकीट उघडं राहिलं की टॉफी हवेतलं पाणी ओढते. फ्रिजमधून काढून लगेच उघडलं तर वरून दव धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेर ठेवा.

पण फोडताक्षणीच चिकट असेल, तर दोष आमच्याकडचा. आंबूस वास किंवा बुरशी दिसली तर खाऊ नका. अशा वेळी बॅच नंबरासह पाकीट घेऊन या, पैसे परत देऊ. तुम्हाला फोडच हवी असेल तर आवळ्याची किंवा पपईची कँडी मागा.