परिचर्येचे विद्यार्थी आणि विधिमंडळ : फिरत असलेल्या एका आवाहनाला उत्तर

परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये एक आवाहन वारंवार फिरताना दिसते. त्याचा आशय थोडक्यात असा : नर्सिंगच्या मुलामुलींनी आमदारांना निवेदने देणे, अधिवेशनाच्या काळात शिष्टमंडळे नेणे असल्या भानगडीत पडू नये, कायदे दिल्लीत होतात, त्यात राज्याच्या हाती फारसे काही नसते, जे काही असते ते नोकरीतल्या परिचारिकांच्या संघटना पाहून घेतील, विद्यार्थिदशेत राजकारणात नाव आले तर नोंदणी आणि सरकारी नोकरी दोन्ही हातच्या जातील, विद्यार्थ्यांना या विषयातले कळते तरी किती, यापायी अभ्यास बुडतो, आणि मुळात ही सगळी टूम अमेरिकेतून आलेली आहे. हे आवाहन काळजीपोटी लिहिलेले आहे आणि अनेक पालकांना ते मनापासून पटते. म्हणूनच त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवे.

सर्वांत अधिक पसरलेला आणि सर्वांत अधिक नुकसान करणारा मुद्दा ‘कायदे दिल्लीत होतात’ हा आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण परिचर्या शिक्षणाचा दर्जा १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने ठरत आला आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. परंतु सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत, ठेवलेला आहे, आणि परिचारिकेच्या रोजच्या जगण्याला भिडणारे बहुतेक प्रश्न तिथेच येऊन थांबतात. खासगी रुग्णालयांतील वेतनाचे उदाहरण पाहावे. ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमून या वेतनाचा विचार करण्याचा आदेश दिला. समितीने सुचवले की २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन मिळावे आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही ते २०,००० रुपयांपेक्षा कमी असू नये. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या आणि अंमलबजावणी राज्यांवर सोपवली. केरळमध्ये परिचारिकांनी हा विषय लावून धरला, आंदोलने केली, सरकारशी वाटाघाटी केल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील सरकारने २०,००० रुपये किमान वेतनाची अधिसूचना काढली. म्हणजे दिल्लीतून सर्व राज्यांना एकच कागद आला. त्याचे पुढे काय झाले हे प्रत्येक राज्यातल्या परिचारिकांनी आपल्या सरकारमागे किती तगादा लावला यावर अवलंबून राहिले.

२०२३ च्या ज्या केंद्रीय कायद्याचा दाखला दिला जातो, तो तरी सारे काही दिल्लीत ठेवतो का? कायदा लागू झाल्यापासून एका वर्षाच्या आत प्रत्येक राज्याने, त्याच्याकडे आधीपासून तसा आयोग नसेल तर, राज्य परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग स्थापन करावा, असे त्यातच म्हटले आहे. राज्याची नोंदवही ठेवणे आणि व्यावसायिक आचरणाचे नियम पाळले जातात की नाही ते पाहणे ही कामे राज्य आयोगाची आहेत, आणि त्याच्या रचनेतील व कारभारातील अनेक गोष्टी राज्याच्या नियमांनी ठरायच्या आहेत. आपल्याकडे आजवर हे काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालील परिषदेकडे होते. जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत जाण्याच्या या काळात जी मुलगी पहिल्या वर्षाला प्रवेश घेते, ती आपली सगळी कारकीर्द नव्या नियमांखाली काढणार आहे. ते नियम लिहिले जात असताना तिने गप्प बसावे, असे म्हणण्याला मला कोणताही आधार सापडत नाही.

नोंदणी आणि नोकरी जाईल ही भीती मात्र हलक्याने घेण्यासारखी नाही, कारण ती घरातल्या पैशाअडक्याशी जोडलेली आहे. शेतीच्या उत्पन्नावर किंवा कर्ज काढून मुलीला चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला पाठवणाऱ्या आईवडिलांना ती वाटणारच. तरीही वस्तुस्थिती काय आहे ती सांगितली पाहिजे. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आमदाराला निवेदन दिल्यामुळे नोंदणी नाकारावी, अशी अट नाही. ज्या वर्तणूक नियमांचा बाऊ केला जातो, ते १९७९ चे नागरी सेवा नियम शासकीय कर्मचाऱ्यांना लागू आहेत, विद्यार्थ्यांना नाहीत. मेस्माचा, म्हणजे राज्याच्या अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याचा, संबंध अत्यावश्यक सेवेतील संपाशी आहे. रुग्णसेवेत खंड न पाडता, लेखी, सह्यांनिशी आपले म्हणणे लोकप्रतिनिधीकडे मांडणे हा संप नव्हे आणि पक्षकार्यही नव्हे. पक्षाचा झेंडा घेऊन गणवेशात मिरवू नये, हे मलाही मान्य आहे. काही संस्थाचालक अंतर्गत गुणांचा धाक दाखवतात हेही खरे आहे. पण म्हणूनच एकट्या मुलीने पत्र पाठवण्यापेक्षा वर्गाने किंवा विद्यार्थी संघटनेने मिळून ते द्यावे. धाक आहे म्हणून प्रश्नच मांडू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

‘संघटना पाहून घेतील’ या मुद्द्यात एक साधी गोष्ट सुटते. संघटनांनी मोठे लढे दिले आहेत. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय रुग्णालयांतल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतांद्वारे, म्हणजे कंत्राटदारांमार्फत, होणाऱ्या भरतीविरुद्ध केलेला संप अनेकांना आठवत असेल. पण त्या संघटनांचे सभासद नोकरीत आहेत आणि त्यांचे प्रश्न नोकरीतले आहेत. विद्यावेतन, वसतिगृहाची सुरक्षितता, खासगी महाविद्यालयांचे शुल्क, शिकण्याच्या नावाखाली वॉर्डातली रिकामी जागा भरून काढण्यासाठी लावलेल्या ड्युट्या, बंधपत्रासाठी अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे हे प्रश्न ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांनीच ते सांगितले तर ते विधिमंडळापर्यंत पोहोचतात. नोकरी लागली की त्या मुली पुढच्या प्रश्नांत गुंततात आणि मागचे प्रश्न पुढच्या तुकडीसाठी तसेच उरतात.

विद्यार्थ्यांना काय कळते, या प्रश्नाला उत्तर म्हणून मी एक कायदाच पुढे ठेवते. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसाचार आणि रुग्णालयांतील मालमत्तेची नासधूस रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या अधिनियमात संरक्षण मिळणाऱ्यांच्या व्याख्येत डॉक्टर आणि नोंदणीकृत परिचारिकांबरोबर परिचर्येचे विद्यार्थी स्पष्ट शब्दांत घातलेले आहेत. त्यांच्यावर हात उगारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. याचा अर्थ राज्याच्या विधिमंडळाने या विद्यार्थ्यांना कायद्याचा विषय म्हणून आधीच स्वीकारले आहे. रात्रपाळीत नातेवाइकांचा जमाव वॉर्डात घुसतो तेव्हा सुरक्षारक्षक कुठे असतो, तक्रार कोण नोंदवतो, की ‘जाऊ दे, मिटवून घेऊ’ असे सांगून मुलीला गप्प केले जाते, हे वॉर्डात उभ्या असणाऱ्या विद्यार्थिनीइतके कोणाला ठाऊक असणार? या कायद्याची अंमलबजावणी कशी होते यावर साक्ष देण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. शिवाय मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट टोकाला असताना, अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिविद्येची पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. प्राणवायूवरचा रुग्ण ज्यांच्या हवाली करता येतो, त्यांना रुग्णालयांविषयीच्या कायद्यावर बोलण्याइतकी समज नाही, हे म्हणणे टिकत नाही. त्यातले बहुतेक १८ वर्षे पूर्ण केलेले मतदारही आहेत.

अमेरिकी टुमेचा मुद्दा लवकर आटोपता येतो. आपल्याकडील विद्यार्थी परिचारिकांची संघटना, ‘स्टुडंट नर्सेस असोसिएशन’, १९२९ ची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विद्यार्थी परिचारिका संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली. संघटित होणे आपण कोणाकडून उसने घेतलेले नाही. तिकडून घेण्यासारखे काही असेल तर ते वेगळेच आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाण कायद्याने बांधले, २००४ पासून ते अमलात आले, आणि तिथल्या अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शैक्षणिक रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका सांगितली आहे. हा निकष विद्यार्थी पुस्तकात पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन किती खाटांमागे एक सिस्टर आहे ते डोळ्यांनी पाहतात.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. क्लिनिकल पोस्टिंगचे, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे, तास भरल्याशिवाय पदवी मिळत नाही आणि ते बुडवून कोणी मोर्चाला जावे, असे मी कधीही सांगणार नाही. परंतु नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवर जाऊन उभे राहणे, एवढाच मार्ग आहे असे समजणे चुकीचे आहे. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना आमदाराला कित्येक दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेल्या निवेदनाचा प्रश्न होण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थिनी आपल्या गावी जातेच. विधानसभेत २८८ मतदारसंघ आहेत आणि तिचे घर त्यांतल्या एकात आहे. तिथल्या आमदाराच्या कार्यालयात दोघीतिघींनी मिळून एका पानाचे निवेदन द्यावे. त्यात एकच मागणी, ती कोणत्या कायद्याच्या किंवा नियमाच्या कक्षेत येते, आणि सभागृहात विचारता येईल असा नेमका प्रश्न लिहावा, उदाहरणार्थ, २०१० च्या अधिनियमाखाली जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी किती परिचारिकांच्या व परिचर्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरून. पोच घ्यावी, प्रत आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी संघटनेकडे ठेवावी आणि सुट्टी संपताच पोस्टिंगला हजर व्हावे.