ग्रामसभा ‘नुसता सल्ला देते’ म्हणणाऱ्यांसाठी

‘ग्रामसभेला अधिकार काहीच नाही, ती नुसता सल्ला देते. कोरम भरत नाही, बायका तोंड उघडत नाहीत आणि मोठे निर्णय मुंबई-दिल्लीतच होतात. मजुरी पाडून तिथं बसायचं कशाला?’ असा मेसेज आमच्या यवतमाळकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर फिरतोय. चांगली कळती माणसं तो पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सल्ल्याचं. शहरातल्या प्रभाग समितीत नगरसेवक बसतात, साध्या मतदाराला तिथं मत नसतं. गावात मात्र मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. संविधानाच्या कलम २४३ मध्येच तसं आहे. गावचा विकास आराखडा तिच्यापुढे यावा लागतो, घरकुलाची यादी तिच्यापुढे वाचावी लागते. वर्षाला किमान ४ सभा घ्याव्याच लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. नुसत्या सल्ल्यासाठी एवढी सक्ती कोण करेल?

कोरमचं अर्धंच सांगितलंय. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा पुरतो. ४०० मतदारांच्या गावाला ६० माणसं पुरे. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मेख इथंच आहे. आपण घरी थांबलो की पहिली सभा तहकूब होते, दुसरी दहा जणांत उरकते आणि त्या दहा जणांचा ठराव अख्ख्या गावाचा म्हणून लागू होतो. हा मेसेज वाचून घरी बसणारा माणूस आपलं मत त्याच दहा जणांच्या हाती देऊन येतो.

मोठे निर्णय वरच होतात म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघावं. धानोरा तालुक्यातला हा छोटासा गोंड पाडा, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारा. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूचा वाहतूक परवाना वनखातं देईना. ग्रामसभा हटली नाही आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक तिच्या हाती आलं. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, तेव्हा बाराच्या बारा सभांनी नकार दिला. मेंढ्याच्या पाठीशी पेसाही आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा; आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या गावांना तो लागू नाही, हे मान्य. पण वनहक्काचा दावा तर कुठल्याही जंगलालगतच्या गावात ग्रामसभेतूनच सुरू होतो.

बायकांचं मुद्दाम शेवटी ठेवलं. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. आमच्याकडे कित्येक वर्षं ती रजिस्टरातच व्हायची. घरोघरी सह्या घेतल्या की झाली सभा. एका जानेवारीत मात्र आम्ही चाळीसेक जणी तुरीची सोंगणी अर्ध्यावर टाकून खरंच जाऊन बसलो. विषय घरकुलाच्या यादीचा होता. शेवटी सह्यांसाठी रजिस्टर फिरलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, “आंधी वाचून दाखवा ना जी, मंग सही.” वाचायला घेतलं तर यादीत कुडाच्या घरात राहणाऱ्या एका एकट्या बाईचं नावच नव्हतं, आणि ठरावाखाली अर्धं पान कोरं सोडलेलं. कुणी उठून गेलं नाही. तासाभराने ठराव नव्याने लिहिला गेला, तिचं नाव सुचवलेल्या नावांत पहिलं आलं. कोऱ्या जागेवर काकूंनी स्वतः तिरपी रेघ मारली, आणि मग आम्ही सह्या केल्या.