गोठ्यातली तालीम

गायीची कास तापली, सड दगडासारखा लागला, पहिल्या धारेला पिवळट पाणी आणि छिछडे आले की समजा, तुमच्या गोठ्यात तालीम काढायची वेळ झाली. दगडी म्हणा नाहीतर कासदाह म्हणा, आखाडा तयार आहे. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, ई. कोलाय असे नावाजलेले जंतू-पैलवान आत उतरलेत. उणीव आहे ती फक्त वस्तादाची. ती तुम्ही भरून काढायची.

आधी एक पथ्य. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावू नका. ते दुधाचा नमुना तपासायला पाठवू म्हणतील आणि कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते कळून सगळी मजा जाईल. सरळ मेडिकलात जा आणि म्हणा, "मागच्या बारीला दिलं होतं त्यातलंच द्या." मागच्या बारीला गाय दुसरी होती आणि तिला ताप होता, पण एवढं कोण बघतंय?

आता सडात सोडायची ट्यूब. ती एका सडाला एक असते, असं कंपनीचं म्हणणं. कंपनीला काय, खपाशी मतलब. तुम्ही अर्धी पुढच्या उजव्या सडात सोडा, उरलेली मागच्या डाव्यात. नळी तीच. म्हणजे औषध अर्धंच पोचतं, जंतू मात्र पुरते पोचतात. सड पुसायला कालचंच फडकं घ्या. आमच्याकडे एक फडकं अख्ख्या गोठ्याला तीन वर्षं पुरलं. त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात अजून दोन मतं आहेत.

तरीही ट्यूब उरलीच तर टोपण लावून देवळीत ठेवा, पुढच्या गायीला होईल.

दुसऱ्या दिवशी सूज उतरेल. इथं औषध थांबवायचं. सगळी विद्या या थांबण्यात आहे. लेचेपेचे जंतू मेलेले असतात, उरलेले असतात मार खाऊन उभे राहिलेले. आखाडा मोकळा, प्रतिस्पर्धी गेलेले, समोर दुधाचा खुराक. ई. कोलायला मनासारखं वातावरण मिळालं तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंत किती, ते मुलांना गणित म्हणून घाला. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग १९४५ साली नोबेलच्या भाषणात सांगून गेले, की मरणार नाहीत इतपतच औषध दिलं तर जंतूंना ते पचवायला शिकवणं अवघड नाही. त्यांनी इशारा दिला होता. आपण तो पाककृतीसारखा उतरवून घेतला.

शिवाय हे पैलवान दिलदार. पेनिसिलिनचा रेणूच तोडून टाकायचा डाव एकाला जमला, की त्या डावाचं जनुक तो शेजाऱ्याला देऊन टाकतो, कधीकधी परक्या जातीच्या जंतूलाही. २०११ साली जाहीर झालेली गोष्ट: इंग्लंडात गायींच्या कासदाहाचा अभ्यास चालू असताना दुधात असा एक स्टॅफिलोकॉकस सापडला, की मेथिसिलिन या औषधाला दाद देईना आणि नेहमीच्या जनुक-चाचणीतही ओळखू येईना. तसलाच माणसांच्या नमुन्यांतही निघाला. आपल्याला एवढं मोठं नाव नको, तालुक्यात झालं तरी पुरे.

धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धाएक तास उघडं राहतं. म्हणून काही शिकलेले लोक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात आणि गाय लगेच बसू नये म्हणून पुढ्यात वैरण टाकतात. तुम्ही वैरण आधीच उरका. भरल्या पोटी ती शेणात बसेल आणि नवी भरती आपोआप होईल. दगडी झालेल्या गायीची धार ते सगळ्यांत शेवटी काढतात. तुम्ही तिच्यापासून सुरुवात करा, आजारी माणसाचा मान पहिला.

औषध चालू असतानाचं दूध? लेबलवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते विकू नये म्हणतात. तुम्ही डेअरीच्या कॅनमध्ये ओता. उकळलं तरी त्यातलं औषध बहुतेक तसंच राहतं, म्हणजे गिऱ्हाइकालाही थोडाथोडा डोस जातो, बिनपैशाचा. कुणाच्या घरी विरजणच लागणार नाही, कारण दह्याचे जंतू बिचारे अशिक्षित, पेनिसिलिनच्या चिमटीने मरतात. सासूबाई सुनेच्या हाताला दोष देतील. तुमचं नाव कुठेच येत नाही. डेअरीने औषध तपासायची पट्टी बुडवून कॅन परत पाठवलाच, तर ते दूध वासराला पाजा. त्याच्या आतड्यात तालमीची बालशाखा निघेल.

इतकं केलंत की वर्षा-दोन वर्षांत कास पुन्हा दगड होईल आणि या वेळी कुठलीच ट्यूब लागू पडणार नाही. मग नाइलाजाने डॉक्टर येतील, नमुना जाईल. प्रयोगशाळेत जंतूंच्या थरावर औषधाच्या टिकल्या ठेवतात. लागू पडणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ गोल उमटतो. तुमच्या बशीत टिकल्यांना खेटून जंतू वाढलेले असतील, गोल एकही नाही. डॉक्टर कागद खाली ठेवतील आणि विचारतील, "हा गडी कुणाच्या तालमीतला?"

लाजू नका. सांगा.