‘झाडं लावून तापमान उतरत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी विचार करून लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बायकांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या पर्यावरणाच्या लढ्यांवर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कार्बनला स्त्री-पुरुष कळत नाही. तापमानवाढ कोळसा, तेल आणि सिमेंटनं होते, तिथे वस्तीतल्या बायकांच्या गटानं काय होणार? ‘स्त्री निसर्गाच्या जवळ असते’ हा भाबडेपणा आता पुरे. असे उपक्रम बहुतेक फोटोपुरतेच असतात. आणि जाता जाता एक टोमणा: मग पुरुषांनी काय करायचं?

भाबडेपणाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यावर आपलं भांडणच नाही. बाई म्हणजे धरतीमाता, तिला झाडांची माया उपजतच, असलं काही मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. ही माया फार सोयीची असते. एकदा ती उपजत ठरवली की तिच्या कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत. माझा मुद्दा कामाच्या वाटणीचा आहे. जगात ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, अशा दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी आणायचं काम बायका आणि मुलींच्या डोक्यावर असतं, असं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. झरा आटला हे आधी कोणाला कळणार ते इथेच ठरतं. उद्या हंडे पुरुषांनी उचलले तर आधी त्यांना कळेल.

याला चांगला पुरावा आहे, आणि तो ‘उपजत’वाल्यांनाही गप्प करतो. पंचायतींमधली एक तृतीयांश प्रमुखपदं स्त्रियांसाठी राखीव झाल्यावर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. त्यांचा निबंध २००४ चा. राखीव पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं, हे अपेक्षितच होतं. गंमत रस्त्यांची आहे. बंगालमध्ये स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी रस्त्यांवर जास्त काम केलं, राजस्थानात कमी. का? कारण बंगालमधल्या बायका रस्त्यांच्या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त करत होत्या आणि राजस्थानातल्या कमी. स्वभाव-बिभाव काही नाही. रोज जे अडतं ते बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांपैकी कोणी खुर्चीत असल्यावर ते कामात उतरलं.

आता तुमचा मुख्य आक्षेप, आवाक्याचा. तो खोटा नाही. आजच्या उत्तराखंडमधल्या, चिपको आंदोलनामुळे ओळखल्या जाणाऱ्या रेणी गावाचंच घ्या. २६ मार्च १९७४ ला गावातले पुरुष सैन्यानं घेतलेल्या जमिनींची भरपाई घ्यायला चमोलीला गेले होते. ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला जंगलात शिरली, तेव्हा महिला मंगल दलाच्या गौरा देवी गावातल्या बायका-मुलींना घेऊन आडव्या झाल्या. चार वर्षांपूर्वी, १९७० साली, अलकनंदेचा पूर सगळ्यांनी पाहिला होता. उघडे पडलेले डोंगर उतार काय करतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पुढे सरकारनं समिती नेमली आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात झाडतोडीवर दहा वर्षांची बंदी आली. इथवरचं सगळे सांगतात. मात्र ७ फेब्रुवारी २०२१ ला त्याच गावाजवळ खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळून ऋषिगंगेला लोंढा आला, जलविद्युत प्रकल्प वाहून गेला आणि २०० हून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. गावानं वाचवलेली झाडं हा कडा अडवू शकत नव्हती, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याच गावातल्या लोकांनी २०१९ मध्ये, नदीकाठचे सुरुंग आणि पात्रात टाकला जाणारा राडारोडा यांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली होती. सुरुंगांमुळे कडा पडला असं मी म्हणत नाही. नदीजवळ काय बांधावं यावर गाव बोलत होतं, आणि प्रकल्प तरीही उभा राहिला, एवढंच. तेव्हा आवाका कमी पडतो हे खरं. तो का कमी पडतो, यावर मात्र आपलं पटत नाही.

आवाका वाढतोही. स्वित्झर्लंडमधल्या वयस्क बायकांच्या संघटनेनं, ‘क्लिमासेनिओरिनन’नं, उष्णतेच्या लाटांचा आपल्या वयाच्या बायकांना जास्त धोका असतो या मुद्द्यावर २०१६ पासून आपल्या सरकारशी भांडण मांडलं. देशातल्या न्यायालयांनी दाद दिली नाही. ९ एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला, की उत्सर्जन कमी करण्यात सरकार कमी पडलं आणि त्यातून मानवाधिकारांचा भंग झाला. यात एक बारकावा आहे: चार आज्यांनी वैयक्तिक तक्रारीही केल्या होत्या, त्या न्यायालयानं दाखल करून घेतल्या नाहीत. टिकली ती संघटनेची तक्रार. निकालानंतर तिथल्या संसदेनं नाक मुरडलं, हेही सांगायला हवं. तरी हे प्रकरण कोळसा-तेलाच्या हिशेबाबाहेरचं आहे असं तुम्हालाही म्हणता येणार नाही.

‘आधी तज्ज्ञांना विचारा’ असंही तुम्ही लिहिलंय. विचारावंच. पण अमेरिकेतल्या नायगारा फॉल्समधली लव्ह कॅनॉलची वस्ती आठवा. रासायनिक कचरा पुरलेल्या जुन्या कालव्याभोवती घरं आणि शाळा उभी राहिली होती. १९७८ मध्ये लोइस गिब्ज या गृहिणीनं दारोदार जाऊन आजारपणांच्या आणि गर्भपातांच्या नोंदी घेतल्या आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा कालव्याभोवती गोल पडायला हव्या होत्या, तशा त्या पडेनात. जुन्या रहिवाशांनी सांगितलं, इथून पूर्वी ओढे जायचे, ते बुजवून वर घरं बांधली. खुणा त्या बुजलेल्या ओढ्यांच्या वाटेनं पडत होत्या. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी ती माहिती तपासून मांडली, तर अधिकाऱ्यांनी ती गृहिणींची आकडेवारी म्हणून उडवून लावली. अखेर कुटुंबं हलवावी लागलीच, आणि विषारी जागांच्या सफाईचा ‘सुपरफंड’ कायदा १९८० मध्ये झाला. तज्ज्ञ लागतातच, फक्त ओढा कुठून जायचा हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

मला स्वतःला सतावणारी गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ‘बायकांचा पुढाकार’ या नावाखाली कामं त्यांच्याकडे येतात आणि निर्णय दुसरीकडेच होतात. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनसमित्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यात हे चित्र स्वच्छ दिसतं. पुरुषांची समिती जंगल राखायचं ठरवते आणि सरपण आणायला बंदी घालते. चूल तर पेटवायचीच असते. मग बायका दूरच्या जंगलात जातात किंवा लपूनछपून तोडतात, आणि पकडल्या की दंड भरतात. जंगल वाढल्याचं श्रेय समितीला. याउलट नेपाळमध्ये ज्या समित्यांत फक्त बायका होत्या, त्यांना बहुतेकदा लहान आणि जास्त उजाड जंगलं मिळाली होती, तरी तिथे जंगलाची सुधारणा जास्त झाली. कारणं अगदी घरगुती आहेत. पहाऱ्यावरचे पुरुष तोडणाऱ्या बाईला अडवायला कचरतात, उद्या छेडछाडीचा आळ येईल म्हणून. बायकांच्या गस्तीला ती अडचण नसते. शिवाय कोणत्या घराला सरपण खरंच लागतं हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे नियम पाळता येतील असे बनतात.

केनियात पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये झाडं लावायची ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा जगलेल्या प्रत्येक रोपामागे बायकांना थोडे का होईना, पैसे दिले जात. लावलेल्या नाही, जगलेल्या. फोटोपुरत्या वृक्षारोपणावर याहून सोपा उपाय मला माहीत नाही. (या मुद्द्यावर इतकंच. फोटोपुरते उपक्रम असतात, पुरुषांचेही असतात.) झाडं लावणाऱ्या याच चळवळीनं १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ६० मजली इमारत उभी करायच्या सरकारी बेताला विरोध केला, आणि तो बेत बारगळला. रोपवाटिकेत जमणाऱ्या बायकांना एकत्र बसायची सवय लागलेली असते, ती अशी उपयोगी पडते.

राहिला टोमणा: पुरुषांनी काय करायचं? दहातल्या त्या सात घरांत पाणी भरायला लागावं, हे पहिलं. दुसरं, समितीची सभा चूल पेटायच्या वेळेला ठेवू नये. बायका येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या समित्यांनी आपल्या सभांच्या वेळा एकदा काढून बघाव्यात.